आभाळ गरजलं तरी पिन काढायची नाही

सुरुवातीलाच माफी मागतो. आठवणी लिहाव्यात असं माझं वय नाही आणि माझ्या हातून तसं मोठं काही घडलेलंही नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे अर्जावर सही करणं, आणि तेही माझ्यापासूनच सुरू झालं. ज्यांनी दुनिया पाहिली त्यांनी लिहावं, आपण वाचावं, असं मला अजूनही वाटतं. मी लिहिणार आहे ते एका जुन्या लॅपटॉपबद्दल. तो एक रात्र आणि एक दिवस मेलेला होता, आणि तेवढा वेळ मीही जवळजवळ तसाच होतो. कुणाला हे क्षुल्लक वाटलं तर त्यांचं बरोबरच असेल.

लॅपटॉप वापरलेला होता, जालन्यातून घेतलेला. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला असावा, कारण झाकणावर खरडून काढलेल्या स्टिकरचा चौकोनी डाग होता. बॅटरी नावालाच होती. चार्जरची पिन निघाली की त्याच क्षणी स्क्रीन काळी. त्यामुळे दावणीला बांधलेल्या म्हशीसारखा तो आमच्या घरात एकाच जागी असायचा, स्विचबोर्डाच्या खाली.

त्यात आधी विंडोज होतं. ते इतकं हळू चालायचं की माय चहा ठेवून यायची तरी माझी फाईल उघडलेली नसायची. हॉस्टेलवरच्या एका सीनियरनं ते पुसून त्याच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी, हलकी सिस्टीम टाकून दिली. लॅपटॉप पळायला लागला. प्रोग्रॅमिंग मी त्यावरच शिकलो. एक खोड मात्र राहिली. मधूनच तो गोठायचा. बाण जागेवर थांबायचा, गाणं लावलेलं असेल तर एकच सूर अडकून राहायचा, आणि पॉवरचं बटण दाबून धरण्याशिवाय इलाज नसायचा. अभ्यासापुरतं मी ते चालवून घेतलं.

शेवटच्या वर्षाला पुण्याच्या एका कंपनीची परीक्षा लागली तेव्हा मात्र ते चालवून घेण्यासारखं राहिलं नाही. परीक्षा घरून द्यायची, रविवारी. कॅमेरा चालू हवा, खोलीत दुसरं कुणी नको, आणि मध्ये संपर्क तुटला तर तिथंच संपली. फोनवर चालणार नव्हती. घनसावंगीच्या सेवा केंद्रात कॉम्प्युटर आहे, पण तिथं सातबाऱ्यासाठी दिवसभर माणसं उभी असतात. कॉलेजच्या लॅबला कुलूप होतं. मित्रांकडं मागावा तर त्यांचीही तीच परीक्षा, त्याच वेळेला. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे भाऊ, मामा कुठं ना कुठं नोकरीला होते. माझ्यासाठी ही परीक्षा म्हणजे एकच दार होतं, आणि त्या दाराला मधूनच गोठणारं कुलूप होतं.

मी इंटरनेटवर शोधलं. त्याच मॉडेलच्या मशीनवर लिनक्स चालवणाऱ्या बऱ्याच लोकांची हीच तक्रार होती, आणि उत्तरही एकच होतं: बायोस अपडेट करा. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर मशीनमध्ये सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम. कीबोर्ड कुठं, डिस्क कुठं, हे तोच बाकीच्यांना सांगतो. तो जागा झाला नाही तर बाकी कुणीच होत नाही.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर नवं बायोस होतं. पण सूचनेची पहिलीच ओळ अशी होती की ही फाईल विंडोजमध्ये उघडा. माझ्याकडं विंडोज नव्हतं. ते नव्यानं डाउनलोड करावं तर रोजचा डाटा अर्ध्यात संपायचा आणि पुढं नेट मुंगीच्या चालीनं. लिनक्समध्ये बायोस अपडेट करायची एक कमांड असते, ती चालवली. तिनं सांगितलं, या मशीनसाठी काही उपलब्ध नाही. मशीन जुनं होतं ना. त्याची आठवण आता कुणी ठेवत नव्हतं.

शेवटी एका परदेशी माणसानं लिहिलेलं सापडलं. ती विंडोजची फाईल म्हणजे नुसती बांधलेली पेटी आहे, ती लिनक्समध्येही सोडता येते. आतली खरी बायोसची फाईल काढायची, पेनड्राईव्ह फॉरमॅट करून त्यात ठरलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची, आणि मशीन सुरू होतानाच एक कळ दाबून तिथल्या मेनूतून अपडेट करायचं. विंडोज लागतच नाही. हे वाचून मला एवढा आनंद झाला की मी उठून पाणी प्यालो.

पेनड्राईव्ह घरात एकच होता, आणि तो काकांच्या जीपमध्ये होता. माझे काका आमच्या गावावरून घनसावंगी आणि पुढं अंबडपर्यंत सवारी मारतात. पेनड्राईव्हमध्ये त्यांची भीमगीतं होती.

"काका, पेनड्राईव्ह पायजे होता. एका दिवसासाठी."

"गाणे हायत त्यात माझे."

"गाणे मी लॅपटॉपमधी काढून ठेवतो. काम झालं की परत भरून देतो."

"एक बी कमी झालं तर बघ. सवारी माझ्या गाण्यावर बसती. माझ्या तोंडाकडं पाहून कोण बसतंय?"

गाणी मी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली, पेनड्राईव्ह पुसला, बायोसची फाईल त्यात ठेवली. आता एकच भीती होती. त्या परदेशी माणसानं ठळक अक्षरांत लिहिलं होतं की अपडेट चालू असताना वीज गेली तर मशीन कायमचं बंद पडू शकतं. आणि माझ्या मशीनची बॅटरी तर नावालाच होती. वीज त्याच्या गावात बहुतेक जात नसावी. आमच्याकडं ती विचारून घ्यावी लागते. मी लाईनमनला फोन लावला.

"आज दुपारी लाईट जाणार हाय का, साहेब?"

"का, लगीन हाय का घरी?"

"न्हाई, लॅपटॉपचं काम करून राह्यलो. अर्धा तास बिलकुल जायला नको."

"मंग कर बिनधास्त. आज कुठं काम न्हाई. पण भाऊ, आभाळाचं माझ्याकडं न्हाई बरं का."

तेवढ्यावर मी थांबलो नाही. आमच्याकडं मोटर चालेना झाली की लोक स्वतःच डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, जाऊन फ्यूज काढतात, म्हणून डीपीपर्यंत चालत गेलो. तिथं कुणी नव्हतं. शेजारच्या मळ्यात ज्यांची मोटर होती त्यांच्या घरी सांगितलं, काकांना सांगितलं, अर्धा तास फ्यूजला हात लावू नका म्हणून. सगळ्यांनी बरं म्हटलं. मायला सांगितलं नाही. ती सकाळपासून शेतात होती, कापलेल्या गव्हाच्या पेंढ्या बांधायला. वडील साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतात, हंगाम संपेपर्यंत ते तिकडंच.

शुक्रवारी दुपारी मी मशीन सुरू केलं, कळ दाबली. निळ्या मेनूत पेनड्राईव्हमधली फाईल दिसली. मी हो म्हटलं. पांढरी पट्टी हळूहळू उजवीकडं सरकायला लागली. खाली लिहिलं होतं, मशीन बंद करू नका. मी हात मांडीवर ठेवून बसलो, कशाला धक्का लागायला नको म्हणून.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. मी अकरावीला असताना आमच्या आळीतल्या लिंबावर वीज पडली होती आणि आजूबाजूच्या घरांतले टीव्ही जळाले होते. तेव्हा मीच मायला समजावून सांगितलं होतं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिनच काढायची. माझ्या शिक्षणातलं घरात उपयोगी पडलेलं ते पहिलंच असावं. मायनं ते मनावर घेतलं. तेव्हापासून आभाळ गरजलं की ती हातातलं काम टाकून आधी पिना काढते. आळीतल्या बायांनाही तिनंच शिकवलं, "माझ्या पोरानं सांगितलंय" म्हणून.

पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली होती. बाहेर ऊन एकाएकी पिवळं झालं, आणि शेताच्या बाजूला आभाळ गरजलं. पाऊस नव्हता, नुसता आवाज. मला लाईटची भीती वाटली. मी बल्बकडं पाहिलं, तो जळतच होता. मग अंगणात पळत येणारी पावलं वाजली. माय दारातून आत आली, डोक्यावर गव्हाचा भुसा, पायात चप्पल नाही. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. सरळ बोर्डाकडं गेली आणि टीव्हीची, मोबाईलची, लॅपटॉपची अशा सगळ्या पिना एका हातानं ओढल्या.

मी "माय" म्हणालो.

"शेतातून पळत आल्ते बाबा," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणलं हा कानात वायर घालून बसला आसंल, ह्याला आभाळ ऐकू यायचं न्हाई. वाचलं बघ तुझं मशीन."

स्क्रीन काळी होती. तिला त्यात नवीन काही दिसलं नाही. पिन काढल्यावर ती काळीच व्हायची.

आभाळ शांत झाल्यावर तिनं स्वतःच पिन परत लावली आणि बटण दाबून दिलं. मी लॅपटॉपचं बटण दाबलं. आतला पंखा क्षणभर फिरून थांबला. स्क्रीन उजळली नाही. कॅप्स लॉकचा बारका दिवा तेवढा लुकलुकायला लागला. मी परत दाबलं, परत. दर वेळी तेच. संध्याकाळी काका आले, लॅपटॉपला लावलेला पेनड्राईव्ह त्यांनी मला न विचारता काढून नेला. मायनं त्यांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, फोनवर वडिलांना सांगितलं की आज ती वेळेवर आली म्हणून लॅपटॉप वाचला. मी भिंतीकडं तोंड करून झोपलो. ताप आला असेल म्हणून तिनं कपाळाला हात लावून पाहिला.

शनिवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून काकांच्या जीपमध्ये बसलो. अंबडला दुरुस्तीचं दुकान आहे. काकांनी पेनड्राईव्ह टेपला लावला. काहीच वाजलं नाही. काढून पुसून परत लावला.

"काय भरलंस रे ह्यात? मुकं झालं."

"काका, त्यात बायोस हाय."

"ते वाजतं का?"

"न्हाई."

"मंग माझे गाणे?"

"लॅपटॉपमधी."

"अन् लॅपटॉप?"

मी पिशवीकडं पाहिलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "पुतण्या इंजिनेर झाला अन् जीप मुकी झाली बाई!" सगळी जीप हसली. काकाही हसले. मग त्यांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि हसायचे थांबले. अंबडला उतरताना माझ्याकडून भाडं घेतल्यासारखं करून त्यांनी उलट माझ्याच खिशात काहीतरी कोंबलं.

दुकानदारानं लॅपटॉप उलटा-सुलटा केला.

"विंडोज करप्ट झालं आसंल."

"विंडोज न्हाई ह्यात."

"न्हाई? मंग हे चालतं कशावर, डिझेलवर?"

मी लिनक्सचं सांगितलं, बायोसचं सांगितलं. पिन काढल्याचं सांगताना "लाईट गेली" असं म्हणालो. त्यानं मान हलवली. आतला बोर्ड खोलून बाहेर पाठवावा लागेल, आठ-दहा दिवस धरून चाल म्हणाला.

"माझी परीक्षा उद्या हाय."

"मंग उद्यापुरता दुसऱ्याचा आण की भाऊ."

माणूस वाईट नव्हता. त्यानं मला बसायला स्टूल दिलं होतं.

तिथून मी बसस्टँडवर आलो आणि बाकावर बसलो. पुण्याच्या कंपनीला मेल लिहिला, माझा लॅपटॉप बिघडला आहे, कृपया दुसरी तारीख मिळेल का. लगेच उत्तर आलं की या पत्त्यावर लिहू नये, इथले मेल वाचले जात नाहीत. मग फोनमधले नंबर वरून खाली पाहिले. ज्यांच्या घरात आधी कुणी शिकलेलं असतं त्यांना अशा वेळी लावायला एक तरी नंबर असतो असं मला तेव्हा वाटलं. कदाचित ते खरं नसेल, त्यांनाही नसेल. पण माझ्या फोनमध्ये जे होते ते सगळे मलाच विचारून फॉर्म भरणारे होते. समोर घनसावंगीची बस लागली, भरली, गेली. मी कारखान्यावर वडिलांसोबत जाईन असं ठरवलं. ट्रॅक्टर शिकायला फार वेळ लागत नाही. मग वाटलं, घरी सांगायचं काय? परीक्षा नापास झालो म्हणावं तर दिलीच नाही. लॅपटॉप जळाला म्हणावं तर माय म्हणेल, मी तर पिन काढली होती. काहीही सांगितलं तरी ते फिरून तिच्या हातापाशीच येत होतं.

काही तरी करायचं म्हणून मी लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावर त्या मॉडेलचं पुस्तक फोनवर उघडलं आणि वाचत सुटलो. अगदी शेवटाकडं दिव्यांच्या खुणा दिल्या होत्या. कॅप्स लॉकचा दिवा असा लुकलुकत असेल तर बायोस खराब झालं आहे, पण त्याचा एक छोटा भाग शाबूत आहे आणि तो पेनड्राईव्हची वाट पाहतो आहे. फाईल तीच, फक्त तिचं नाव आणि फोल्डर वेगळं. दोन कळा दाबून धरून मशीन सुरू करायचं. कालपासून ज्या लुकलुकण्याकडं मी मेलेल्या माणसाच्या पापणीसारखं पाहत होतो, ते मशीन जिवंत असल्याचं लक्षण होतं.

नाव बदलायला कॉम्प्युटर नव्हता. स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानातून फोनला पेनड्राईव्ह जोडायचा तुकडा घेतला. पैसे काकांनी खिशात कोंबलेले होते. मग काकांची जीप परत येईपर्यंत रस्त्यावर उभा राहिलो. त्यांनी पेनड्राईव्ह काढून दिला. जीपमध्ये बसल्या बसल्या मी फोनवर फाईलचं नाव आणि फोल्डर बदललं. अक्षरं परत परत तपासली. रस्त्यातल्या खड्ड्यांत फोन हातातून निसटेल म्हणून म्हातारीनं माझी पिशवी मांडीवर घेतली. सकाळची तीच म्हातारी होती.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि आभाळ कालच्यासारखंच भरलं होतं. थांबावं का, असं वाटलं. पण उद्या परीक्षा होती. माय चुलीजवळ होती. मी तिला बोलावलं.

"माय, इथं बोर्डापाशी बस. ही पिन कुणाला काढू देऊ नको."

"कोण काढंल?"

"कुणी बी. तू बी न्हाई."

"आभाळ गरजलं तरी?"

"गरजलं तरी."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग काळ्या स्क्रीनकडं पाहिलं, मग बोर्डाकडं. "मंग काल..." ती म्हणाली आणि थांबली.

"काल बराबर होतं," मी म्हणालो. "आज येगळं हाय."

ती बोर्डाखाली भिंतीला टेकून बसली. मी दोन कळा दाबून धरल्या आणि बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा लुकलुकला. स्क्रीन काळीच. पुस्तकात लिहिलं होतं, काही दिसलं नाही तरी थांबा. मी थांबलो. बोटं दुखायला लागली तरी सोडली नाहीत. मग मशीननं एक बारीक शिट्टी मारली आणि स्क्रीनवर पांढरी पट्टी आली.

तेवढ्यात आभाळ गरजलं. जवळच. मायचा हात आपोआप बोर्डाकडं उचलला गेला, मी पाहिलं. तिनं तो दुसऱ्या हातानं धरला आणि पदरात गुंडाळून मांडीत दाबून बसली. परत गरजलं. तिनं डोळे मिटून घेतले. पट्टी कालच्या जागेपाशी आली आणि पुढं सरकली.

मशीन आपोआप बंद झालं, आपोआप सुरू झालं. लिनक्सचं नेहमीचं पान आलं. मी सगळ्यात आधी काकांची गाणी पेनड्राईव्हमध्ये भरली. वळून पाहिलं तर माय चुलीकडं निघून गेली होती. त्या दिवसानंतर लॅपटॉप आपण वाचवला असं तिनं कुणालाही सांगितलं नाही. मीही तो विषय काढला नाही.

रविवारी परीक्षा दिली. दारात माय बसून होती, आत कुणी येऊ नये म्हणून. बाण एकदाही थांबला नाही. प्रश्न सगळे आले असं मात्र म्हणता येणार नाही.

नंतर बरेच दिवस काहीच कळलं नाही. मेल उघडायची, बंद करायची, नको असलेल्या मेलांच्या कप्प्यातही पाहायचं. मित्रांपैकी एकाला बोलावणं आलं, एकाला नकार आला. मला दोन्हीतलं काही आलं नाही. कुणी विचारलं की माय मला बोलू न देता विषय बदलायची. वडिलांना मी विचारून ठेवलं होतं की पुढच्या हंगामात कारखान्यावर माणूस लागतो का. ते फोनवर "बघू" म्हणाले.

मग एका बाजाराच्या दिवशी मी आणि माय काकांच्या जीपमधून कुंभार पिंपळगावला चाललो होतो. गाणं मोठ्यानं चालू होतं. फोन मांडीवर थरथरला. मी वाचलं आणि परत वाचलं. मायनं माझं तोंड पाहिलं आणि काकांना म्हणाली, "आवाज कमी कर." काकांनी गाणं बंदच केलं.

"काय आलं?" ती म्हणाली. "वाच. आम्हाला कळंल आसं वाच."

मी वाचलं. माझी निवड झाली होती, पावसाळ्याआधी पुण्याला रुजू व्हायचं होतं. आणि खाली लिहिलं होतं, येताना स्वतःचा लॅपटॉप आणू नये, तो कंपनी देईल.